पिल्लू घरात एकटं ठेवून कामाला जाताना

मांजराचं लहान पिल्लू खोलीत ठेवून दिवसभर नोकरीला जाता येतं का, हे मला हल्ली बऱ्याच जणांनी विचारलंय, ऑफिसमधल्या पोरींनी तर जास्तच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. सरळ उत्तर पाहिजे असेल तर, दोन महिन्यांचं पिल्लू सलग नऊ-दहा तास एकटं ठेवू नका. तीन-चार तास राहतं, मधे कुणीतरी जाऊन खायला घालून, जरा खेळवून आलं की पुन्हा तेवढंच राहतं. मधे जाणारं माणूसच मिळत नसेल तर पिल्लू आणायचं थोडं लांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही घरात दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर वन रूम किचन भाड्यानं घेतलंय, खाली घरमालकीण काकू राहतात. मी शिरोली एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, सकाळी साडेआठला घर सोडते ते संध्याकाळी सहाला परत. भाऊ मोबाइलच्या दुकानात, त्याचं दहाला सुरू होतं आणि रात्री नऊला सुटतं, पण दुपारी दोनच्या सुमारास त्याला जेवायला घरी येता येतं. हे टायमिंग मुद्दाम सांगते कारण आमचं सगळं गणित ह्याच्यावरच बसलं. दहा ते दोन आणि तीन ते सहा, एवढा वेळ पिल्लू एकटं.

आणलं भावानंच. शाहूपुरीत त्याच्या मित्राच्या गोडाऊनमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती, ती मांजरी एका रात्री गाडीखाली गेली, बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली आणि हे एक तांबडं-पांढरं मागं राहिलं. मला फोन करून म्हणतोय, "आक्का, हे इथंच ठिवलं तर घुशीच खातील गं ह्याला." जून संपत आलेला, पाऊस लागलेला. नाही कसं म्हणणार. तांबडं म्हणून नाव तांबू.

घरी आणायच्या आधी वाटेतच डॉक्टरांकडं नेलं, कारण वय किती हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांनी आधी तोंड उघडून दात बघितले, मग डोळे बघितले, निळसर झाक जायला लागलेली, आणि मग काट्यावर ठेवलं. पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमनं वाढतं, आमचं ७०० ग्रॅमच्या आसपास भरलं, म्हणजे सात आठवड्यांचं. खरं तर पिल्लानं आठ आठवडे तरी आईजवळ आणि भावंडांत राहायला पाहिजे, बारा राहिलं तर अजून चांगलं, पण ह्याची आईच गेलेली. हे चार आठवड्यांच्या आतलं असतं तर नोकरी करणाऱ्या माणसाला जमलंच नसतं असं डॉक्टर म्हणाले, कारण तेवढ्या पिल्लाला दर दोन-चार तासांनी बाटलीनं दूध पाजायचं, रात्रीसुद्धा, अंगाला ऊब द्यायची, आणि शी-शू पण ओल्या कापसानं पुसून करवायला लागते, ते आपलं आपण करत नाही. सात आठवड्यांचं आपलं आपण खातं, चालतं, वाळूत जातं. तिथंच जंताचं औषध पाजलं, आठ आठवडे झाल्यावर पहिली लस, पुढं तीन-चार आठवड्यांनी बूस्टर आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, असं कार्डावर लिहून दिलं.

सोमवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते, त्याला जोडून मी रजा टाकली आणि पहिलं काम खोलीचं काढलं. किचन बंद आणि आतली खोली तेवढी त्याची. लोकांना वाटतं सगळं घर मोकळं ठेवलं तर पिल्लू आनंदात राहील, पण एवढ्याशा जीवाला मोठी जागा म्हणजे भीतीच, कपाटामागं जाऊन बसतं आणि मग वाळूचा ट्रे कुठं, पाणी कुठं काही सापडत नाही. लहान खोली, तीत खायचं एका कोपऱ्यात, ट्रे बरोब्बर उलट्या कोपऱ्यात, झोपायचं खोकं तिसरीकडं. खाण्याशेजारी ट्रे ठेवला तर मांजर ट्रे वापरायचं टाळतं.

मग मी चक्क जमिनीवर पालथी पडून खोली बघितली, त्याला जेवढं दिसतं तेवढ्या उंचीवरनं. कपाटाखाली माझे केसांचे रबर, एक जुनी सुई दोऱ्यासकट, गजऱ्याचा वाळलेला दोरा, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, असलं सगळं निघालं. ह्यात सगळ्यात वाईट दोरा. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, दोरा एकदा जिभेवर चढला की त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो, आणि आतड्यात अडकला तर आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि कधी मागच्या बाजूनं दोरा बाहेर आलेला दिसला तर तो ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडं न्यायचं. माझी शिलाई मशीन त्या दिवशी किचनमध्ये गेली ती अजून तिथंच आहे.

कपाट आणि भिंतीमधल्या फटीत पुठ्ठे कोंबले. चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं काढून वर. पडद्याची दोरी वर गुंडाळून बांधली. खिडकीला ग्रिल होतं पण ग्रिलमधनं त्याचं डोकं आरामात जात होतं, आणि डोकं गेलं की पिल्लू गेलं, म्हणून डासांची जाळी ठोकून घेतली. बाथरूमचं दार कायम बंद, बादलीभर पाण्यात एवढंसं पिल्लू पडलं तर त्याला वर येता येत नाही.

फरशी पुसायचं फिनेल बंद केलं. हे कोल्हापुरातच काय कुठंही लोकांना पटत नाही, पण मांजराच्या लिव्हरला असली फिनॉलची द्रव्यं पचवून बाहेर टाकता येत नाहीत, ते फरशीवरनं चालतं, पाय चाटतं आणि विष पोटात. पॅरासिटामॉलचं कारण पण तेच, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा सुद्धा जीव घेऊ शकते, म्हणून कणकण वाटली म्हणून माणसाच्या गोळीचा तुकडा द्यायचा विचार पण करू नका. डांबराच्या गोळ्या कपड्यांतनं काढल्या. आता फरशी साध्या गरम पाण्यानं पुसते आणि घर काही घाण राहत नाही.

वाळूचं सांगते. बाजारात जी मातीची, ओली झाली की गोळा होणारी लिटर (ट्रेमध्ये घालायची तयार वाळू) मिळते ती एवढ्या लहान पिल्लाला नको, कारण पिल्लं प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघतात आणि ती माती पोटात जाऊन तिथंच गोळा होऊ शकते. आमच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथनं विचारून घमेलंभर वाळू आणली, चाळून, धुवून, गच्चीवर पत्र्याखाली वाळवली आणि उथळ ट्रेमध्ये घातली. जेवण झालं की उचलून ट्रेत ठेवायचं, एवढंच शिकवायला लागलं. लाकडाचा भुसा पण लोक वापरतात, टिंबर मार्केटला वखारीत पोत्यानं मिळतोय, पण बारीक भुसा नाकात जाऊन शिंकायला लागलं म्हणून तो बंद केला. जुलैत वाळू वाळेना तेव्हा वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घातल्या, त्या दिवसातनं दोनदा बदलायला लागायच्या.

खाण्याचं मात्र काकूंबरोबर जरा चर्चा करूनच ठरलं. त्या पहिल्याच संध्याकाळी वाटीत दूधभात घेऊन वर आल्या, प्रेमानं. आता गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लोक रात्री जमतात त्या गावात, मांजराला दूध नको हे कसं सांगायचं. पण सांगितलं. आईचं दूध सुटायला लागलं की पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवणारं जे असतं ते कमी कमी होत जातं, मग गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब लागतात, आणि सातशे ग्रॅमच्या जीवाला एका दिवसाचे जुलाब पण झेपत नाहीत, अंगातलं पाणी जातं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्येला काय घालायचं ते मला दाखवून ठिव, म्हंजे मी पण घालीन." हे वाक्य पुढं आमच्या लई कामाला आलं.

दिवसातनं चार वेळा खायला. सकाळी मी निघायच्या आधी, दुपारी भाऊ, संध्याकाळी मी, रात्री झोपताना. लहान मांजरांसाठीचं कोरडं खाणं मिळतं ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करून, आणि जोडीला थोडं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही कारण त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या चिकनवर वाढवू नका पण, हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात नसतं. घरात कोण नसताना ठेवायचं ते कोरडंच ठेवायचं, भिजवलेलं किंवा चिकन दमट हवेत दोन तासांत वास मारायला लागतं. आणि पाणी जड वाटीत, स्टीलची हलकी वाटी असली की पालथी घालून त्यात नाचत बसतं.

आता खरी गोष्ट, एकटं राहायची सवय. रजेवर होते तेव्हाच सुरुवात केली. दार लावून जिन्यात जाऊन बसायचं, थोड्या वेळानं आत यायचं, मग जास्त वेळ, मग कोपऱ्यावरनं भाजी घेऊन यायचं, मग गाडी चालू करून पार उमा टॉकीजपर्यंत जाऊन यायचं. दोन गोष्टी पाळल्या, जाताना कुरवाळत बसायचं नाही, आणि ओरडत असताना दार उघडायचं नाही, जरा गप्प झालं की उघडायचं. नाहीतर त्याला वाटतं ओरडलं की दार उघडतंय. हे लिहायला सोपं आहे, दाराबाहेर उभं राहून ऐकताना जीव नुसता कासावीस होतो.

ड्युटीवर गेले तेव्हा भावाचा जुना मोबाइल कपाटावर रेकॉर्डिंग लावून ठेवला होता. रात्री आम्ही दोघांनी बसून बघितलं. भाऊ बाहेर पडल्यावर तांबू दाराशी गेलं, मागच्या पायांवर उभं राहून दाराला पुढचे दोन्ही पंजे टेकवले, मग खाली बसून दाराखालच्या फटीत एक पंजा घातला, पार खांद्यापर्यंत, आणि बाहेरचं काहीतरी आत ओढायला बघत होतं. एकदा ओरडायचं आणि थांबायचं, कान पुढं करून ऐकायचं, उत्तर येतंय का बघायचं, परत ओरडायचं. अर्धा तास तरी असं चाललं होतं. मग कंटाळून ट्रेमध्ये गेलं, वाळू उकरली, तशीच सोडली, आणि खोक्यात माझी वापरलेली ओढणी टाकली होती तिच्यावर चढलं. पुढच्या पंजांनी ओढणी मळायला लागलं, डावा, उजवा, डावा, उजवा, डोळे मिटून. पिल्लं दूध पिताना आईचं पोट असंच दाबतात, त्यानं दूध उतरतं. आणि मळता मळता झोपलं ते खालनं काकूंचा मिक्सर चालू होईपर्यंत उठलंच नाही.

हे बघून माझा अर्धा ताण गेला, कारण दहा ते दोन ह्या वेळात ते जास्त करून झोपलेलंच होतं. पिल्लं दिवसातले सोळा ते वीस तास झोपतात. मांजराची जात मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारी, दुपार ही त्यांची झोपायचीच वेळ, फक्त आपण जायच्या आधी त्याला दमवायला पाहिजे. त्यामुळं माझी सकाळ बदलली, पाचला उठते, काठीला चिंधी बांधून त्याला खोलीभर पळवते, चांगलं धापा टाकेपर्यंत, चिंधी त्याच्या तोंडात सापडू देते, आणि लगेच खायला. पळणं, पकडणं, खाणं, अंग चाटणं आणि झोपणं हा मांजराचा ठरलेला क्रम आहे, तो तसा पुरा झाला की झोप गाढ लागते. भाऊ निघायच्या आधी परत एकदा थोडं खेळवतो. चिंधीची काठी मात्र खेळून झाली की कपाटात, ती एकट्याजवळ ठेवायची नाही, दोऱ्याचं कारण वर सांगितलंच. एकटं असताना खेळायला कागदाचे बोळे, रिकामं खोकं, टेबल टेनिसचा चेंडू, बस.

ओरडणं थोडे आठवडे चाललं, दर दिवशी जरा कमी कमी होत. काकू सांगायच्या, "आज लवकर गप बसलंय बघ," किंवा "आज त्येनं मला काय झोपू दिलं न्हाई पोरी." मी त्यांना दुपारी तास-दोन तास झोपायची सवय आहे हे बघून दाराखालच्या फटीला जुनी चादर लावून ठेवायला लागले, आवाज खाली कमी जातो.

जुलैत गारठा होता, कोल्हापूरचा जुलै कसा असतो तुम्हाला माहितीये, कपडे वाळत नाहीत आणि फरशी ओली लागते. एकट्या पिल्लाला बिलगायला दुसरं पिल्लू नसतं. बाटलीत गरम पाणी भरून वर टॉवेल गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर त्याला बाजूला होता येतं. विजेवरची गरम पिशवी माणूस नसताना लावून जाऊ नये.

त्यातच पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की आमचं ऑफिसमधलं सगळं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला आणि २०२१ ला पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, म्हणजे मी कंपनीत असताना तसं झालं तर नदीच्या पलीकडंच अडकणार. म्हणून पावसाळ्यात काकूंकडं खोलीची एक किल्ली, कोरड्या खाण्याचा डबा, डॉक्टरांचा नंबर आणि एक पिंजऱ्याची टोपली देऊन ठेवली होती. नोकरी करून मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाकडं अशी दुसरी किल्ली कुणाकडं तरी पाहिजेच, पूर असो नसो, गाडी पंक्चर झाली तरी दोन तास जातात. भावाच्या दुकानात गणपतीच्या आधी गर्दी झाली आणि त्याला दुपारी यायला जमेना तेव्हा काकूच वर जायच्या. सुरुवातीला नुसतं खायला घालून यायच्या, मग तिथंच भाजी निवडत बसायला लागल्या. आता त्यांच्याकडनं खोलीत जायचं कारण शोधलं जातं.

एक अडचण मात्र एकट्या पिल्लाला येतेच, ती चावायची. भावंडांत असलं की एक जोरात चावलं तर दुसरं किंचाळून खेळ बंद करतं, त्यातनं चावायचं किती हे कळतं. तांबूला ते शिकवायला कुणी नव्हतं, संध्याकाळी मी आले की पायाला लटकायचं, हातावर ओरखडे. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच, चावलं की हात सैल सोडून गप्प उभं राहायचं आणि खेळ थांबवायचा, थोड्या वेळानं चिंधीची काठी पुढं करायची. बरेच दिवस गेले पण कळलं त्याला. तुमच्याकडं जागा असेल आणि घरमालकाची हरकत नसेल तर एकाच आईची दोन पिल्लं आणा हे मी मनापासून सांगते, खर्च वाढतो, पण दुपारभर त्यांना एकमेकांची सोबत असते आणि चावायचं पण आपोआप सुटतं. आमच्या भाड्याच्या बोलीत एकच बसत होतं.

"मांजराला कशाला कोंडून ठेवतेस, सोड की गल्लीत, फिरून येईल," हे पण लई ऐकलं. आमच्या गल्लीत रात्री कुत्र्यांची टोळी असते आणि दिवसा बुलेटवाले. त्याची आई रस्त्यावरच गेली. मी सोडणार नाही.

आता दिवाळी होऊन गेली, तांबू सहा महिन्यांचं होईल, तीन किलोला आलंय. खाणं चारवरनं तीन वेळांवर आलं. किचनचं दार उघडं ठेवतो, खिडकीत फळी ठोकलीय तिथं बसून समोरच्या शेवग्यावरचे पक्षी बघतं. दिवसा पाच-सहा तास निवांत राहतं, तरी दुपारची फेरी आम्ही बंद केलेली नाही. फटाक्यांच्या दिवसांत मात्र मी त्याला एकटं ठेवलं नाही, संध्याकाळी खिडक्या लावून आम्ही दोघांपैकी एकजण खोलीत बसायचोच. पुढच्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन ठरलंय, त्याची रजा मी आत्ताच टाकलीय, त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची पण, कारण भूल पूर्ण उतरून ते नीट चालायला-खायला लागेपर्यंत जवळ माणूस पाहिजे असं डॉक्टरांनी सांगितलंय.